मूर कुटुंबाचे चित्र

तारायंत्राचा जनक म्हणून सॅम्युअल मोर्सचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते. तो मुळात चित्रकार होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८२४ मध्ये त्याच्या न्यूयॉर्कमधील चित्रशाळेत इरॅस्टस सॅलिस्बरी फील्ड हा मॅसॅच्युसेट्समधील लेव्हरेट गावचा एकोणीस वर्षांचा तरुण शिकावयास आला. पुढच्याच वर्षी मोर्सची पत्नी निवर्तली, चित्रशाळा बंद पडली आणि फील्डचे शिक्षण तेथेच संपले. त्या अपुऱ्या विद्येच्या भांडवलावर तो कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात गावोगाव हिंडून लोकांची व्यक्तिचित्रे रंगवू लागला.

त्याचे 'जोसेफ मूर आणि त्याचे कुटुंब' हे १८३९ चे चित्र बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. उंची जवळजवळ सात फूट. वेअर गावचा हा मूर हिवाळ्यात टोप्या बनवी आणि उन्हाळ्यात लोकांचे दात काढी. पती-पत्नी दोन बाजूंस खुर्च्यांवर बसली आहेत. मध्ये चार मुले. यथादर्शनाचे नियम येथे शोधू नयेत. पायांखालचा नक्षीदार गालिचा भिंतीसारखा उभा राहू पाहतो. पंडितांनी अशा कामाला 'भाबडी कला' म्हणावे, हे स्वाभाविकच. परंतु या चौघांपैकी दोनच मुले मूर दांपत्याची आहेत. उरलेली दोन श्रीमती मूर यांच्या दिवंगत बहिणीची. मावशीच्या अंगावरचा काळा पोशाख त्या शोकाचा आहे. पोटची कोणती आणि पोरकी कोणती, याचा सुगावा चित्रकाराने लागू दिलेला नाही. चौघांनाही त्याने सारख्याच निगुतीने रंगविले आहे. घरात घेतलेल्या मुलांना चित्रातही घरचे स्थान मिळाले. यथादर्शन शिकून आलेल्या किती जणांना हे साधले असते?

त्याच १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला. ती विद्या अमेरिकेत शिकविणाऱ्या पहिल्या काही जणांत मोर्स होता! म्हणजे शिष्याची रोजी बुडविणाऱ्या कलेचा प्रसार गुरूनेच केला. १८४१ मध्ये फील्ड न्यूयॉर्कला गेला आणि स्वतःही छायाचित्रण शिकला. पुढे छायाचित्रांवरून त्याने जी व्यक्तिचित्रे रंगविली, ती सादृश्यात चोख असली तरी निर्जीव आहेत. उतारवयात अमेरिकेच्या इतिहासाचे एक प्रचंड काल्पनिक स्मारक रंगविण्यात तो गढून गेला. त्यातील उंच बुरुजांच्या माथ्यांवरून आगगाड्या धावतात. १८६७ मध्ये हाती घेतलेल्या या चित्रात १८८८ मध्येही तो नव्या बुरुजांची भर घालीत होता.

१९०० मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, फील्ड वारला. मूर कुटुंबाचे चित्र बोस्टनच्या संग्रहालयात पोचले, ते त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.