चित्रफितीतले गुरुजी

चांगला शिक्षक एका वेळी एकाच वर्गात उभा राहतो. घंटा झाली की त्याचा धडाही संपतो. मग पन्नास कोसांवरच्या खेड्यातल्या मुलाने काय करावे? संगणकाच्या बाबतीत तर ही अडचण फारच जाणवते. यंत्र शाळेत येऊन पडते. पण ते शिकवणारा माणूस येत नाही. उत्तम शिक्षकांचे धडे चित्रफितीवर घेऊन गावोगाव पोचवावेत, ही कल्पना ह्या अडचणीतूनच निघाली.

आपल्या देशात आयआयटी संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ सालापासून ‘एनपीटेल’ ह्या योजनेत असे पाठ तयार केले. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक दीपक फाटक यांचा संगणक-प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम २०१४ साली ‘एडेक्स’वरून जगभर खुला झाला. तथापि नुसते ऐकून संगणक येत नाही. काठावर बसून पोहणे पाहिले म्हणून कोणी पोहायला शिकत नाही. पाण्यात उतरावेच लागते.

ही गोष्ट ओळखूनच पवईला प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम चालवला. त्यातला प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर संगणकाचे काम दिसते आणि जोडीला आवाज सांगत जातो. विद्यार्थ्याने थोडे पाहायचे, चित्रफीत थांबवायची, तेवढे स्वतः करायचे, मग पुढे जायचे. पाठ बोलण्याआधी त्याची संहिता लिहितात आणि त्या विषयात अगदी नवख्या माणसाकडून ती तपासून घेतात. नवखा जिथे अडतो, तिथे दोष पाठाचा, असे मानायचे! पडद्यावरचे दृश्य तेच ठेवून आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला जातो.

भाषेचे महत्त्व किती, हे मानखुर्दला विचारावे. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या ह्या केंद्राने जळगाव जिल्ह्यात खिरोदा भागातल्या शाळांतही काम केले. विज्ञानाच्या पुस्तकांतली बोजड भाषा सोपी केली की मुलांची समज वाढते, हे केंद्राच्या अभ्यासातून दिसून आले. म्हणजे ज्याला आपण ‘ढ’ म्हणतो, त्याचे घोडे पुष्कळदा शब्दांपाशीच अडलेले असते.

मग गावातल्या गुरुजींचे काम संपले काय? मुळीच नाही. चित्रफीत पुन्हा पुन्हा सांगेल, कधी रागावणारही नाही. पण मागच्या बाकावरच्या मुलीचा गोंधळलेला चेहरा तिला दिसत नाही. तो गुरुजींनाच दिसतो. शिक्षक बंधु-भगिनींनो, म्हणून पाठ आधी स्वतः पाहून, करून ठेवा. एका यंत्रावर दोघांनाच बसवा आणि कळफलक आळीपाळीने हाती द्या. इंटरनेटचा भरवसा नसेल, तर पाठ आधीच उतरवून ठेवा. शेवटी पडदा बंद करून मुलांना सांगा, “आता तुम्ही करून दाखवा.” तेवढे त्यांना जमले, तर पवईचा धडा तुमच्या गावात खरोखर पोचला म्हणायचा.