माथ्याच्या अलीकडे

पर्यटन विशेषांकासाठी संपादकांना ‘थरार’ हवा होता, म्हणून कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात ग्लॅमिसला जाणं झालं. मेक्सिकोच्या सीमेला टेकलेला हा वाळूचा पट्टा सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि सरासरी ८ किलोमीटर रुंद आहे. त्यातल्या काही टेकड्या ९० मीटरपर्यंत चढतात. १९१५ साली मोटारींसाठी या वाळूवर लाकडी फळ्यांचा रस्ता घातला गेला. तो सारखा वाळूखाली जाई आणि खेचरं जुंपून मोकळा करावा लागे. १९२६ मध्ये पक्का रस्ता आला नि फळ्या निवृत्त झाल्या. आता ऑक्टोबर ते एप्रिल या हंगामात, विशेषतः थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, इथे तंबू आणि गाड्यांचं अख्खं गाव वसतं. अनेक जण येतात ते एटीव्हीवर बसून वाळू चढायला. दुबईच्या सहलीवरून आलेले आपले लोक जिला ‘क्वाड बाइक’ म्हणतात, तीच ही गाडी.

या गाडीचा जन्म १९७० चा. होंडाचे अभियंते ओसामू ताकेउची यांनी अमेरिकी बाजारासाठी फुगीर, कमी हवेच्या टायरांची तीनचाकी बनवली. ती लोकप्रिय झाली, पण उलटण्याबद्दल बदनामही झाली. ऐंशीच्या दशकात सुझुकीने चौथं चाक आणलं आणि १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. इतिहास एवढा पुरे, कारण माझं लक्ष एका अगदी साध्या भागावर अडकलं होतं.

तो भाग म्हणजे अंगठ्याचा खटका. आपल्या स्कूटरला मूठ पिळून ॲक्सिलेटर द्यायची सवय असते. इथे उजव्या मुठीशेजारी छोटा खटका असतो, तो अंगठ्याने दाबायचा. भाड्याच्या गाड्या सांभाळणाऱ्या, उन्हाने रापलेल्या एका मेकॅनिकने त्यामागचं कारण मला गाडीवर बसवूनच दाखवलं. चढावर गाडी उसळली की स्वार मागे घसरतो आणि भीतीने मूठ घट्ट धरतो. मूठ पिळायची असती, तर मागे जाणारं शरीरच ती आणखी पिळून बसलं असतं. खटक्याचं तसं नाही. अंगठा निसटला की स्प्रिंग तो मागे ढकलते आणि इंजिन मंदावतं. शर्यतीतले काही हौशी मुठीचाच ॲक्सिलेटर बसवून घेतात. नवख्यांना मात्र हा मेकॅनिक तशी गाडी कधीच देत नसे.

चढण्याची रीत त्याने हळूहळू सांगितली. टायरमध्ये हवा कमी हवी. मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास दाब असतो, इथे पाच-सहा पुरतो. टायर पसरतो आणि रुतत नाही. मागच्या चाकांना वल्ह्यांसारख्या उभ्या पट्ट्या असतात, त्या वाळू मागे फेकत गाडी पुढे रेटतात. टेकडीला सरळ भिडायचं. तिरकं चढलात तर गाडी आडवी कलंडते. वेग पायथ्याशीच घ्यायचा, कारण चढावर तो वाढवता येत नाही. सीटवरून उठून छाती हँडलवर झुकवायची, म्हणजे पुढची चाकं जमीन सोडत नाहीत. अंगठा एकसारखा दाबायचा, मध्येच झटका द्यायचा नाही. जोर संपतोय असं वाटलं, तर थोडा वेग शिल्लक असतानाच वळून खाली यायचं. चाकं जागच्या जागी फिरू लागली की अंगठा सोडायचा, नाहीतर गाडी स्वतःचाच खड्डा खणते. थांबलीच, तर ब्रेक धरून चढाच्या बाजूने उतरायचं. उलटी गडगडू द्यायची नाही.

हे सगळं तासाभरात जमतं. खरी परीक्षा माथ्यावर असते.

वाळूच्या टेकडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. वाऱ्याकडची बाजू सौम्य आणि घट्ट असते. आडोशाच्या बाजूला कोरडी वाळू ३०–३४ अंशांच्या उतारावर सैल तोलून असते, त्याहून उभी ती राहूच शकत नाही. म्हणून अनेक माथे सुरीच्या पात्यासारखे असतात. पलीकडे काय आहे हे चढताना दिसत नाही, तिथे खाली कोसळणारा उतार असेल किंवा समोरून चढणारी दुसरी गाडीही असेल. म्हणूनच इथे प्रत्येक गाडीला जमिनीपासून आठ फूट उंच काठीवर झेंडा सक्तीचा आहे. माथ्यापलीकडून आधी झेंडा दिसतो, मग माणूस. मेकॅनिकचा नियम एका ओळीचा होता: माथ्याच्या अलीकडे अंगठा सैल करा, गाडी माथ्याच्या धारेला समांतर वळवा, डोकावून पाहा, मग ठरवा. पूर्ण वेगाने माथा ओलांडणारा माणूस पलीकडे हवेत असतो आणि हवेत ना ब्रेक लागतो, ना चाकं वळतात.

शिवाय टेकडी रोज तीच राहत नाही. काल मऊ वाटलेला माथा रात्रीच्या वाऱ्याने आज कड्यासारखा तुटलेला असतो, म्हणून जुने स्वारही सकाळची पहिली चढण हळू करतात. भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की सावल्या नाहीशा होतात आणि वाळूतला खड्डा सपाट दिसतो. काळजी फक्त माणसाचीच करायची नसते. महामार्ग ७८ च्या उत्तरेचा बराचसा भाग १९९४ पासून संरक्षित वन्यक्षेत्र आहे आणि तिथे गाडी नेण्यास बंदी आहे. पियरसन्स मिल्कव्हेच ही दुर्मीळ वनस्पती या पट्ट्यात वाढते. अमेरिकी सरकारने तिला १९९८ मध्ये धोक्यातली प्रजाती म्हणून नोंदवलं.

हा लेख वाचणारे बहुतेक जण ग्लॅमिसला जाणार नाहीत. पण दुबई किंवा जैसलमेरच्या सहलीत वाळूवर गाडी चालवण्याचा मोह अनेकांना होईल. पैसे मोजण्याआधी काही गोष्टी नक्की विचारा. हेल्मेट मिळेल का? माझ्या पुढे वाटाड्या असेल का? गाडीवर उंच झेंडा आहे का? मुलांच्या गाडीचा वेग बांधलेला आहे का? एका आसनाच्या गाडीवर मागे कुणाला बसवू नका, लहान मुलांना तर मुळीच नाही. उत्तरं टाळली जात असतील, तर गाडी घेऊ नका. बाजूला उभं राहून टेकड्या पाहाव्यात, त्याही भरपूर सुंदर असतात.