बादलीभर पाण्याची वीज

बीड जिल्ह्यातल्या शाळेत 'पाण्यापासून वीज' हा भाग शिकवताना अवघडल्यासारखे होते. जिथे उन्हाळ्यात गावोगावी टँकर येतात, जिथे २०१५ साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्रही बंद ठेवावे लागले, तिथे पाणचक्की फिरवायची कशावर? आपल्या प्रयोगाला मात्र वाहता ओढा लागत नाही. एक बादली पाणी पुरते आणि तेही वाया जात नाही. खाली टोपात पडलेले पाणी पुन्हा बादलीत ओतता येते.

आधी सामान जमवू या. बिघडलेल्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर (ही भंगारवाल्याकडे मिळते), दोन जुन्या सीडी, औषधाच्या बाटल्यांवरची मापाची आठ टोपणे, अर्धा इंची दोन मीटर नळी, स्केचपेनची रिकामी नळी, दोन छोटे एलईडी दिवे आणि १०० ओहमचा एक रोधक.

दोन सीडींच्या मध्ये, कडेला, सारख्या अंतरावर आठ टोपणे एम-सीलने बसवावीत. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला हवीत. मधल्या भोकात बाटलीचे झाकण चिकटवून ते मोटरीच्या आसावर घट्ट बसवावे. मोटर लाकडी चौकटीवर बांधावी आणि तिच्यावर पाणी उडू नये म्हणून अर्धी कापलेली बाटली पालथी घालावी.

मोटरीतून चार किंवा अधिक तारा बाहेर येतात. त्यांतल्या दोन-दोन तारांची टोके जुळवून आस बोटांनी फिरवून पाहावा. ज्या दोन तारा जुळवल्यावर आस फिरवायला जड जातो, त्या एकाच वेटोळ्याच्या. त्यांना रोधकातून दोन्ही एलईडी उलटसुलट जोडावेत, म्हणजे एकाचा धन पाय दुसऱ्याच्या ऋण पायाला यावा.

आता २० लिटरची बादली उंचावर ठेवू या. नळी पाण्याने भरून तिचे एक टोक बादलीत बुडवावे, दुसऱ्या टोकाला स्केचपेनची नळी बसवून ते खाली चाकाजवळ धरावे. वक्रनलिकेच्या तत्त्वाने धार सुरू होते, टोपणांवर आदळते आणि दिवे लागतात. चाक हाताने सावकाश फिरवले, तर दिवे आळीपाळीने लुकलुकतात. प्रत्यावर्ती विद्युतधारा म्हणजे काय, हे मुलांना असे डोळ्यांनी दिसते.

हे घडते कसे? मोटरीच्या आसावर चुंबक आणि भोवती तारांची वेटोळी असतात. चुंबक फिरला की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यात विद्युतधारा निर्माण होते. हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. ही धारा चुंबकाच्या फिरण्याला विरोध करते. तारा जुळवल्यावर आस जड झाला तो यामुळेच. वीज फुकट मिळत नाही, हे बोटांनाच कळते!

आता हिशेब करू या. समजा, बादलीतल्या पाण्याची सरासरी उंची चाकापासून १ मीटर आहे. २० किलो पाण्याची स्थितिज ऊर्जा २० × ९.८ × १ म्हणजे सुमारे १९६ ज्यूल. बादली १०० सेकंदांत रिकामी झाली, तर पाण्याने दिलेली शक्ती जवळजवळ २ वॅट. एलईडी काढून फक्त १०० ओहमचा रोधक ठेवावा आणि मल्टिमीटरने त्याच्यावरचा प्रत्यावर्ती दाब मोजावा. तो ३ व्होल्ट आला, तर शक्ती ९ भागिले १००, म्हणजे ०.०९ वॅट. म्हणजे शंभरातले साडेचार भागच विजेत आले. उरलेले शिंतोडे, नळीतले घर्षण आणि वेटोळ्यांची उष्णता यांत गेले. टोपणांचा कोन किंवा धारेची जागा बदलून हा आकडा किती वाढतो, याची गटागटांत स्पर्धा लावता येईल.

खरा धक्का पुढे आहे. विजेचा एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. काहीही वाया न जाता तेवढी वीज मिळवायला आपल्या १८ हजारांहून अधिक बादल्या १ मीटरवरून सोडाव्या लागतील. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास ३७ टँकर! म्हणूनच जलविद्युत केंद्राला भरपूर पाणी आणि मोठी उंची लागते. आपल्याच जिल्ह्यात सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाजवळ ७५० किलोवॅटची तीन जनित्रे उभारली आहेत.

हाच हिशेब उलटा करू या. १०० मीटर खोल बोअरमधून एक बादली पाणी वर काढायला निदान १९,६०० ज्यूल लागतात, म्हणजे १ मीटरवरून पडणाऱ्या शंभर बादल्यांची सगळी ऊर्जा. पाणी पडताना थोडेच देते, पण खोलातून वर येताना पुष्कळ मागते. पाण्याची पातळी जितकी खाली जाते, तितके हे मागणे वाढते.

आपल्या गावातल्या बोअरची खोली आणि शाळेच्या टाकीची उंची मुलांनी विचारून आणावी. टाकी एकदा भरायला किमान किती युनिट लागतात, हे त्यांनीच काढावे आणि मग ते विजेच्या बिलाशी ताडून पाहावे.