भरती-ओहोटीने मोजलेली बर्फाची माघार

पश्चिम अंटार्क्टिकातली थ्वेट्स हिमनदी जवळपास ग्रेट ब्रिटनएवढी मोठी आहे. २०१९ साली ‘रान’ नावाची मानवरहित पाणबुडी तिच्यासमोरच्या समुद्रात सोडण्यात आली. सुमारे ७०० मीटर खोलीवर फिरत तिने सोनारच्या मदतीने तळाचा बारकाईने नकाशा काढला. त्या नकाशात गाळाचे १६० हून अधिक समांतर उंचवटे दिसले. उसाच्या शेतातल्या सरी-वरंब्यांसारखे ते एकामागोमाग एक पसरले होते. उंची मात्र काही ठिकाणी गुडघ्याच्या आसपास, काही ठिकाणी वीतभरच.

हे वरंबे घातले कोणी? हिमनदी समुद्रात उतरते तेव्हा तिचा मागचा भाग तळावर टेकलेला असतो, पुढचा पाण्यावर तरंगतो. बर्फाचा टेका जिथे सुटतो, त्या सीमेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात. भरतीला ही कड किंचित उचलली जाते, ओहोटीला पुन्हा खाली बसते आणि बसताना खालचा चिखल दाबून बाहेर ढकलते. चिखलाची एक बारीक रांग तयार होते. दरम्यान हिमनदी मागे सरकत असेल, तर पुढच्या ओहोटीला कड थोडी मागे टेकते आणि तिथे नवी रांग उठते. दोन रांगांमधलं अंतर म्हणजे दोन ओहोट्यांच्या दरम्यान बर्फाने घेतलेली माघार.

थ्वेट्ससमोरच्या समुद्रात दिवसातून एकच भरती येते. म्हणून तिथला एक वरंबा म्हणजे एक दिवस. त्यातही एक लय सापडली. वरंबे क्रमाने मोठे होत जातात, मग लहान, आणि हे चक्र साधारण चौदा दिवसांचं आहे. कोकणातल्या कुणाही मच्छीमाराला हा हिशेब पाठ असतो: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तळाशी पडलेल्या गाळात चंद्राचा पंधरवडा असा स्पष्ट उमटावा, हे मला या संशोधनातलं सर्वांत विलक्षण वाटतं. वरंबे भरती-ओहोटीनेच घडवले, याचा तो भक्कम पुरावाही आहे.

संशोधक ॲलिस्टर ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या वरंब्यांवरून माघारीचा वेग काढला. गेल्या दोनशे वर्षांत केव्हातरी, कदाचित विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, थ्वेट्सची कड साडेपाच महिने वर्षाला २.१ किलोमीटर या वेगाने मागे हटत होती. २०११ ते २०१९ या काळात तिच्या सर्वांत वेगवान भागात उपग्रहांनी टिपलेल्या वेगाच्या हा दुप्पट आहे.

नॉर्वेजवळच्या समुद्रतळावरची नोंद त्याहून धक्कादायक. शेवटचं हिमयुग ओसरताना तिथे पडलेल्या ७,६०० हून अधिक वरंब्यांचा अभ्यास क्रिस्टीन बॅचलर यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे आपल्या किनाऱ्याप्रमाणेच दिवसाला दोन भरत्या येतात, म्हणजे दिवसाला दोन वरंबे. हिशेब निघाला तो दिवसाला ५५ ते ६१० मीटर माघारीचा. ही धाव वर्षानुवर्षं चालली नाही. जिथे तळ जवळपास सपाट होता, तिथे काही दिवस ते काही महिने टिकली. सपाट तळावर बर्फ थोडा पातळ झाला तरी एकदम मोठा पट्टा पाण्यावर उचलला जातो.

उपग्रहांकडे ध्रुवीय बर्फाची जेमतेम काही दशकांची माहिती आहे. तेवढ्यावरून बर्फाच्या वेगाची कमाल मर्यादा ठरवणं चुकीचं आहे, हे या गाळाने दाखवून दिलं. थ्वेट्स पूर्ण वितळली तर जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी ६० सेंटिमीटरहून अधिक चढेल. त्याला शतकं लागू शकतील, पण ही माघार एकसारख्या संथ गतीने होईल असं गृहीत धरता येणार नाही.

हा प्रश्न दूरचा नाही. बर्फाचा प्रचंड साठा गुरुत्वाकर्षणाने भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला की अंटार्क्टिकाजवळचा समुद्र खाली बसतो आणि दूरच्या समुद्रांना सरासरीपेक्षा अधिक वाढ सोसावी लागते. उत्तर हिंद महासागर, म्हणजे आपला अरबी समुद्रही, त्यांपैकीच एक. कोकणात किंवा मुंबईत नवा धक्का, किनारी रस्ता आखताना केवळ मागच्या काही दशकांतल्या वाढीचा सरळ हिशेब पुढे ओढू नये, अशी मागणी आपण नागरिकांनी आत्तापासूनच लावून धरायला हवी.