गाय भरवायची वेळ चुकली की २१ दिवस गेले

दुकान किंवा माग सांभाळून घरी दोन-चार गाई-म्हशी पाळणारे आपले बरेच बांधव आहेत. दोन-तीन वेळा कृत्रिम रेतन करूनही जनावर उलटते, ही त्यांची नेहमीची तक्रार. दोष गाईला नाही तर बीजाला दिला जातो. घड्याळाकडे मात्र कोणी पाहत नाही.

आम्ही कापडवाले, म्हणून आधी हिशेब मांडतो. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. वर्षाला एक वासरू हवे असेल तर विल्यापासून ८५ दिवसांत ती गाभण राहिली पाहिजे. त्यातले पहिले ६० दिवस गर्भाशय सावरण्यासाठी सोडावेच लागतात. उरले २५ दिवस, आणि माज येतो सरासरी २१ दिवसांनी. म्हणजे संधी एक, फार तर दोन. एक हुकली की २१ दिवसांचा चारा-पेंडीचा खर्च अंगावर. तो ज्याने त्याने आपल्या वहीत मांडून पाहावा.

आता वेळेचे. गाईचा माज १२ ते १८ तास टिकतो. पण बीजांड माजात सुटत नाही. माज संपल्यावर १० ते १२ तासांनी सुटते आणि पुढे काही तासच कामाचे राहते. गोठवलेले वीर्य गाईच्या पोटात जेमतेम एक दिवस तग धरते, शिवाय फळण्याजोगे होण्यास त्याला काही तास लागतात. आपल्या धंद्यात सणाचा माल फार आधी आणला तर पैसा अडकतो, सणानंतर आला तर गिऱ्हाईक गेलेले असते. तसेच हे.

म्हणून ठोकताळा असा : सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. नेब्रास्का विद्यापीठातील ट्रिम्बर्गर यांच्या १९४० च्या दशकातील प्रयोगांवर हा नियम उभा आहे. मात्र तास मोजायचे ते माज सुरू झाल्यापासून, डॉक्टर मोकळा झाल्यापासून नव्हे!

माजाची पक्की खूण एकच : दुसरे जनावर अंगावर चढले तरी गाय स्थिर उभी राहते. हंबरणे, दूध घटणे, काचेसारखा स्वच्छ चिकट सोट लोंबणे या साथीच्या खुणा. माज पुष्कळदा रात्री येतो, म्हणून पहाटे आणि रात्री निजण्यापूर्वी गोठ्यात वीस-वीस मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. दुपारच्या एका फेरीवर भिस्त ठेवणाऱ्याचा माज हुकणारच. सोटात रक्त दिसले तर माज एक-दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला. तेव्हा भरवण्यात पैसे घालू नयेत, तारीख लिहून अठराव्या दिवसापासून नजर ठेवावी.

म्हशीचे काम अधिक नाजूक. तिचा माज मुका, उन्हाळ्यात तर फारच. ती क्वचितच दुसरीवर उडी घेते. वारंवार थोडी थोडी लघवी, सुजलेली योनी, अचानक कमी झालेले दूध, यावरूनच ओळखावे लागते. उन्हाळ्यात डुंबायला पाणी किंवा अंगावर पाण्याचा मारा मिळाला तर फरक पडतो.

रेतन करणारा आला की कांडीवरचा वळूचा क्रमांक उतरून घ्यावा. कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून निघते. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरायची असते. खिशात घालून गावभर फिरवलेली कांडी घेऊ नये. पुढे २१ दिवसांनी गाय माजावर आली नाही म्हणजे ती गाभण आहेच असे नाही. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.