शिवारातली रात्र (लेखांक ७) : कुठल्या पारगावात दिसलं?

'पारगावात काहीतरी दिसलं' असा निरोप आला की जाणता माणूस आधी विचारतो, कुठल्या पारगावात? जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, पारगाव तर्फे मढ आहे. आंबेगावात अवसरीच्या अंगाला आणखी एक पारगाव आहे, भीमाशंकर साखर कारखाना आहे तेच. महसूल खात्याने 'तर्फे'ची शेपटी लावून ही गावं वेगळी ठेवली, पण अफवेला तर्फे नसते. मढकडच्या पारगावात सकाळी दिसलेलं जनावर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवरून कारखान्याच्या पारगावात पोचतं. तिथली माणसं काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि ज्याने मुळात पाहिलं तो मढला निवांत जेवत असतो.

गेल्या आठवड्यात बिबट्याच्या हद्दीविषयी लिहिलं. आजचा लेख थोडा हलका आहे, तरी एक गोष्ट आधी सांगायला हवी. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली आहेत, लेकरं नेली आहेत. त्यात विनोद नाही. आजचा विषय आहे तो बिबट्या म्हणून, मुंजा म्हणून, नाहीतर 'कधी न पाहिलेलं जनावर' म्हणून खपून गेलेल्या बाकीच्या मंडळींचा.

ही मंडळी आपल्याकडेच इतकी का दिसतात? कारण त्यांना बघायला माणूस रात्री शिवारात हजर असतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, कालवे आले, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. उसाला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते आणि शेतीपंपाची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. म्हणजे पूर्वी ज्या वेळी सगळा गाव झोपलेला असे, त्या वेळी आता एक माणूस फावडं आणि बॅटरी घेऊन एकटा दारं धरत उभा असतो. साक्षीदाराची एवढी सोय भुताखेतांना आधी कधीच नव्हती.

या साक्षीदाराला बहुतेक वेळा दिसतात ते दोन डोळे. कुत्रा, मांजर, तरस, बिबट्या, गाय या सगळ्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक परावर्तक थर असतो. आत आलेला उजेड तो पुन्हा बाहेर टाकतो, त्यामुळे अंधुक प्रकाशाचा दुप्पट उपयोग होतो. बॅटरीचा झोत पडला की तोच थर चमकतो. माणसाच्या डोळ्यात तो नाही, म्हणून आपण रात्री ठेचकाळतो. अडचण अशी की अंधारात दोन ठिपकेच दिसतात आणि शेजारी मापाला काही नसतं. दहा पावलांवरचं मांजर आणि चाळीस पावलांवरचा बिबट्या यांत निवाडा डोळा करत नाही, भीती करते. आणि भीतीने मांजराच्या बाजूने निकाल दिल्याचं ऐकिवात नाही.

पण या पट्ट्यातलं सगळ्यात मजेशीर प्रकरण रात्रीचं नाही, भर दुपारचं आहे. तोडणीच्या हंगामात ते कुठे ना कुठे घडतंच. फडात कोयते चालू असतात आणि पाचटाखाली ठिपक्याठिपक्यांची दोन पिल्लं निघतात. कोयते थांबतात. 'वाघाची पिल्लं' अशी हाळी जाते, ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहतो, मुकादम फोन काढतो. पिल्लं इथे आहेत म्हणजे आई जवळच असणार, या हिशेबाने तोडकरी बांधावर चढतात आणि गावातून आलेले लोक, उलट, फडात उतरतात. मग वन खात्याची गाडी येते. पिल्लं कधीकधी खरोखर बिबट्याची असतात. पण बऱ्याचदा कपाळावरचे उभे पट्टे आणि पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी बघून उलगडा होतो की ही वाघाटी आहे. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचं वजन किलो-दीड किलो, म्हणजे आपल्या घरातला बोका तिच्यापेक्षा जड भरतो. जिच्या धाकाने सगळा फड रिकामा झाला, ती वाघीण एव्हाना शेजारच्या उसात दबा धरून, ही एवढी माणसं कधी जातात याची वाट बघत असते.

यापुढचा भाग मात्र कौतुकाचा आहे. माणिकडोहला वन खात्याचं बिबट निवारा केंद्र आहे, तिथे वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था काम करते. पिल्लं बिबट्याची असोत की वाघाटीची, त्यांचे डॉक्टर ती तपासतात आणि संध्याकाळी जिथे सापडली तिथेच खोक्यात ठेवतात. बाजूला कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जाऊन बसतात. अंधार पडला की आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. हे जमायचं तर गावाने दोन गोष्टी केलेल्या नसाव्या लागतात: पिल्लांना हातोहात फिरवणं आणि त्यांच्याबरोबर सेल्फी काढणं. दुसरी गोष्ट अवघड जाते.

जुन्या वाड्यांतला मुंजा हा वेगळा गडी. तो बहुधा माळ्यावर राहतो, मध्यरात्रीनंतर आढ्यावरून धावतो आणि कौलं सरकवतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्याची पावलं ऐकलेली असतात आणि ती खोटं बोलत नाहीत. पावलं खरीच असतात, चार असतात, एवढंच. उदमांजर, म्हणजेच कांडेचोर, दिवसा माळ्यावर झोपतं आणि रात्री उंबर, जांभळं, चिकू खायला बाहेर पडतं. सकाळी पत्र्यावर त्याची बियांनी भरलेली विष्ठा दिसली की मुंज्याचं प्रकरण मिटायला हवं, पण मिटत नाही. याच प्राण्याच्या विष्ठेतून वेचलेल्या कॉफीच्या बिया इंडोनेशियात सोन्याच्या भावाने विकल्या जातात. आपण त्याच्यासाठी नारळ फोडतो. व्यवहार कुणाचा बरा, ते वाचकांनी ठरवावं.

पडक्या वाड्यातल्या नाहीतर विहिरीच्या कपारीतल्या गव्हाणी घुबडाचं नाव या यादीत यायलाच हवं. पांढरा चपटा चेहरा, काळे डोळे आणि घोरल्यासारखा फुत्कार. त्याला आपल्याकडे हडळ समजतात, पण शहरी माणूस याहून पुढे गेलेला आहे. २०१७ मध्ये विशाखापट्टणमला बांधकामावर सापडलेल्या गव्हाणी घुबडाच्या पिल्लांचा व्हिडिओ 'परग्रहवासी' म्हणून देशभर फिरला. हडळ तरी गावातलीच होती.

आता तरस. या पट्ट्यात 'असलं जनावर जन्मात पाहिलं नाही' असं शपथेवर सांगणारा माणूस भेटला तर त्याने तरस पाहिलं असं समजायला हरकत नाही. त्याचं वर्णन ठरलेलं असतं: पुढून घोडा, मागून कुत्रं, अंगावर पट्टे, चाल लंगडी. लोक हसतात, पण या वर्णनात एक शब्द चुकीचा नाही. तरसाचे पुढचे पाय लांब, मागचे आखूड, त्यामुळे पाठ उतरती दिसते आणि चालताना ते लंगडल्यासारखं वाटतं. मानेपासून शेपटीकडे लांब केसांची आयाळ असते. घाबरलं की ते ती ताठ उभी करतं आणि दीडपट मोठं दिसतं. मोटारसायकलच्या उजेडात हे ध्यान अचानक समोर आलं की माणूस गाडी टाकून पळतो आणि तरस दुसऱ्या दिशेला पळतं. दोघांच्याही घरी त्या रात्री सारखीच गोष्ट सांगितली जात असावी. ते मुख्यतः मेलेलं खातं. मेलेल्या कोंबड्या टाकायची जागा जिथे असेल तिथे त्याची फेरी असते. आणि वाहिन्यांवर हसताना ऐकू येतं ते तरस आफ्रिकेतलं, ठिपक्यांचं. आपलं पट्ट्यांचं तरस फारसा आवाजच करत नाही, त्यामुळे 'रात्रभर हसत होतं' असं कुणी सांगितलं तर तेवढा भाग वजा करावा.

न दिसता भेटणारा एक प्राणी उरला: चकवा. मारुती चितमपल्लींनी आत्मचरित्राला 'चकवाचांदणं' हे नाव दिलं, तेव्हा शहरातल्या अनेकांनी हा शब्द प्रथम ऐकला असेल. शिवारात तो सगळ्यांच्या ओळखीचा. ढगाळ रात्री ओळखीच्या रानातून निघालेला माणूस पहाटेपर्यंत चालतो आणि उजाडल्यावर बघतो तर जिथून निघाला तिथेच उभा. 'चकवा लागला,' म्हणतात. ही थाप नाही. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात 'सरळ चालत राहा' असं सांगून सोडलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ गेली. ढग आल्यावर किंवा चंद्र मावळल्यावर ती वळू लागली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना पत्ता नव्हता. डोळे बांधल्यावर तर काहींनी जेमतेम २० मीटर व्यासाची वर्तुळं काढली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस वळतो, हा जुना समजही टिकला नाही. 'सरळ' कुठे आहे याचा मेंदूतला अंदाज पावलागणिक किंचित ढळतो आणि बाहेर खूण दिसत नसेल तर ती चूक साठत जाते, असं त्यांचं म्हणणं आहे.

दोन एकर उसात २० मीटरचं वर्तुळ आरामात मावतं. पुरुषभर उंच ऊस, वर ढग, आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सरी शेजारच्या सरीसारखी. चकव्याला याहून बरी जागा कुठे मिळेल? आपल्याकडचा उतारा म्हणजे चालायचं थांबावं, एका जागी बसावं आणि उजाडायची वाट बघावी. जर्मन शास्त्रज्ञांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

जगात इतरत्र याहून निराळं चित्र नाही. हिमालयातल्या 'यती'चे म्हणून जपून ठेवलेले हाडं, दात, केस, कातडी असे नऊ नमुने शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने डीएनए काढून तपासले. २०१७ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. अमेरिकेत १९५८ मध्ये गाजलेल्या 'बिगफूट'च्या पावलांमागे लाकडी पाय होते, असं ज्याने ते वापरले त्याच्या घरच्यांनी २००२ मध्ये, त्याच्या निधनानंतर, सांगून टाकलं. दिल्लीत मे २००१ मध्ये गाजलेला 'मंकी मॅन' मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पोलिसांच्या हाती माकड लागलं नाही, माणूसही लागला नाही, पण तो आला या ओरड्याने गच्चीवरून पडून माणसं मेली. न दिसलेल्या प्राण्याने केलेली ती हानी होती. हल्ली गावागावांत यंत्राकडून बनवून घेतलेले बिबट्याचे फोटो फिरवले जातात, ते करमणूक म्हणून पुढे पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता उलट बाजू. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवारात स्वयंचलित कॅमेरे लावले. ना अभयारण्य, ना राखीव जंगल. माणसांनी भरलेलं, ऊसमळ्यांचं खोरं. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १०० चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच मोठे बिबटे आणि तेवढीच तरसं. शिवाय वाघाटी, रानमांजर, जवादी मांजर. हे सगळे रोज रात्री घरांच्या मागून ये-जा करत होते आणि बहुतेक रात्री कुणाला काही दिसत नव्हतं.

त्यांच्याच कामातला 'आजोबा' अनेकांना चित्रपटामुळे माहीत आहे. मे २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला हा वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. म्हणजे मढच्या पारगावाच्या अगदी उशाशी. तिथून तो निघाला आणि सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत महामार्ग, रेल्वेचे रूळ, वसईकडची दाट वस्ती आणि खाडीचं पाणी. त्याने कुणाला इजा केली नाही. गळ्यात पट्टा नसता तर एवढा मोठा प्रवास झाला हेच कुणाला कळलं नसतं. कांडेचोराच्या पावलांनी सगळी आळी जागी होते आणि बिबट्या मुंबईला जाऊन पोचतो तरी कुणी कूस बदलत नाही, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा विनोद आहे.

तेव्हा काही दिसलं तर पाठलाग करू नका, गर्दी जमवू नका. दुसऱ्या दिवशी उजेडात ठसा शोधा आणि शेजारी काडेपेटी ठेवून सरळ वरून फोटो घ्या. चार बोटं असतील आणि नखांच्या खुणा नसतील तर मांजरकुळातलं जनावर. ठसा काडेपेटीहून मोठा असेल तर बिबट्या धरून चाला. चार बोटं आणि नखं उमटली असतील तर कुत्रं, कोल्हा नाहीतर तरस. पाच बोटं असतील तर उदमांजर किंवा त्याचं भावकीतलं कुणी. बिबट्याची शंका असेल, पिल्लं सापडली असतील किंवा जनावर विहिरीत पडलं असेल तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पुढच्या लेखांकात रात्रीचे आवाज घेणार आहोत: करवानक, टिटवी, पावशा. तुमच्या शिवारात रोज ओरडणारं पण कधीच न दिसणारं काही असेल तर त्याचा आवाज फोनवर टिपून ठेवा, वेळ आणि गाव लिहा आणि आम्हाला पाठवा.