आधी विसर्ग विचारा, मग फिरायला निघा

पावसाळ्यात पुण्यात एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो : खडकवासल्यातून किती सोडलंय? उत्तर क्युसेकमध्ये येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. हा आकडा पंधरा-वीस हजारांकडे सरकला की डेक्कनजवळचा बाबा भिडे पूल बुडतो, बॅरिकेड लागतात आणि पात्रात उभ्या केलेल्या गाड्या हलवायला मालकांची धावपळ उडते. शहराच्या मधोमध पायी फिरायला असलेली सगळ्यात सपाट वाट तेवढे दिवस पाण्याखाली असते.

ही वाट म्हणजे लकडी पुलापासून ओंकारेश्वरापर्यंत, नारायण आणि शनिवार पेठेच्या कडेकडेने जाणारा मुठा नदीच्या पात्रातला रस्ता. अंतर जेमतेम एक किलोमीटर. पर्वती नको, तळजाई नको, टेकडी चढताना गुडघे कुरकुरतात, अशांना हे बरं. चढ असा नाहीच. मात्र हा वाहनांचाही रस्ता आहे, त्यामुळे सकाळी लवकर जावं. संध्याकाळी दुचाक्यांच्या गर्दीत आणि खाऊगाड्यांच्या धुरात फिरणं कमी आणि अंग चोरणंच जास्त होतं.

लकडी पूल आता लाकडी नाही, हे पुणेकराला सांगायला नको. पानिपतानंतर पेशव्यांनी घाईने लाकडी पूल उभारला, त्याचं नाव पुढच्या दगडी पुलालाही चिकटलं. कागदोपत्री तो संभाजी पूल आहे. त्याच्याखालून पुढं निघालं की झेड ब्रिज येतो. त्याच्या कठड्यांचा उपयोग तरुण मंडळी कशासाठी करतात, हेही सांगायला नको. मग भिडे पूल, मुद्दाम ठेंगणा बांधलेला. ऑक्टोबरात इथं थांबून काठच्या बाभळींकडे बघावं. माणसाच्या डोक्याच्या वर, फांद्यांच्या बेचक्यांत प्लॅस्टिकच्या चिंध्या, गवताच्या गुंडाळ्या, एखादी विटलेली ओढणी अडकलेली असते. यंदा पाणी कुठवर चढलं होतं, ते वेगळं विचारावं लागत नाही.

या पाण्याचा उगम एक नाही. आंबी, मोसी आणि मुठा या तीन नद्यांवर अनुक्रमे पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं आहेत. तिघींचं पाणी खाली खडकवासल्यात येतं. गंमत अशी की चौघांत सगळ्यात लहान खडकवासलाच, जेमतेम दोन टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). वरून लोंढा आला की त्याला साठवायला जागा नसते, सोडावंच लागतं. कॅप्टन फाइफ या लष्करी इंजिनिअरच्या देखरेखीखाली हे दगडी धरण १८७९ मध्ये पुरं झालं. उंची न वाढवता साठा वाढावा म्हणून तरुण विश्वेश्वरय्यांनी इथं आपोआप उघडणारे आणि मिटणारे दरवाजे बसवले, तेही १९०३ साली. पुढं ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावरही तसेच दरवाजे गेले. धरणाजवळच १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. नद्यांची नि बंदरांची लहान प्रतिरूपं करून तिथं पाण्याचा स्वभाव तपासतात.

१२ जुलै १९६१ ला मात्र दरवाज्यांचा प्रश्नच उरला नाही. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं, आणि पाऊस काही थांबायला तयार नव्हता. सैनिकांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं, सगळा लोंढा खडकवासल्यावर आला आणि दुपारपर्यंत तेही गेलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतले वाडे ढासळले. पाणी ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नव्हतं, कारण धरणच उरलं नव्हतं. पूरग्रस्तांच्या वसाहती वसल्या, गोखलेनगरला निस्सन हट, म्हणजे अर्धगोल छताची घरं, उभी राहिली. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अजूनही काळाचे दोन भाग असतात : पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर. नंतरच्या पुरांना त्या पुराची सर नाही, पण २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घराघरांत पाणी शिरलंच.

पावसाळा सोडला तर उरलेले आठ महिने चित्र उलटं. धरणातलं पाणी बंद जलवाहिनीने आणि कालव्याने निघून जातं : काही पर्वतीच्या जलकेंद्राकडे, काही थेट दौंड-इंदापूरच्या शेतांकडे. नदीच्या वाट्याला उरतं ते बहुतांशी शहराचं सांडपाणी. उन्हाळ्यात वास येतो, जलपर्णी माजते, डास होतात. म्हणून माझं मत विचाराल तर दिवाळीच्या पुढेमागेचे दिवस सगळ्यात चांगले : विसर्ग थांबलेला, पण पावसाळ्याने पात्र धुऊन निघालेलं. लांब लाल पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चिखल उकरताना दिसतात, वंचक दगडावर दगड होऊन बसलेला असतो.

डेक्कनच्या काठाने मेट्रोचे खांब पात्रातच उभे आहेत. गरवारे कॉलेज ते दिवाणी न्यायालय हा टप्पा १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. पात्रातल्या खांबांवरून वाद भरपूर झाले, आणि ते योग्यच होते, कारण पात्र अरुंद करून नदीला शहाणपण येत नाही. तरी ज्येष्ठांना सोय झाली हे नाकारता येत नाही : डेक्कन जिमखाना स्थानकावर लिफ्टने उतरायचं, भिडे पुलावरून पेठेच्या काठाला यायचं. चाकाची खुर्ची घेऊन येणाऱ्यांनी सोबत कुणी ठेवावं. गतिरोधक आणि तुटके कठडे अजून आहेत.

शेवटी ओंकारेश्वर. पेशवेकालीन देऊळ, जवळच चिमाजी आप्पांची समाधी. देवळाच्या दगडी प्राकारात टेकायला भरपूर जागा आहे. तिथून शनिवार पेठेत शिरलं की चहाची निवड ज्याची त्याने करावी.